जुन्या घराचा इतिहास कसा शोधावा? : कवठे येमाई व परिसरातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली आणि बांधकामास १६,११० रुपये खर्च आला, असा तपशील आज सर्वत्र सांगितला जातो. पेशव्यांचे दफ्तर टिकले म्हणून हे कळले. परंतु शिरूर तालुक्यातील कवठे येमाईच्या गावठाणात चार पिढ्या नांदलेल्या एखाद्या साध्या घराविषयी विचारले, तर "आजोबांच्या आधीपासूनचे आहे" यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही.

अशी घरे आता झपाट्याने उतरविली जात आहेत. माळवद काढून स्लॅब टाकणे ही कुटुंबाची गरज असते आणि त्यात दोष काहीच नाही. मात्र जुन्या तुळयांबरोबर फडताळातील कागदही रद्दीत जातात, आणि घर ज्यांनी उभे केले त्यांची नावे कायमची पुसली जातात. गरिबाच्या घराचाही इतिहास लिहिता येतो. त्याचे कागद एका दफ्तरात नसून चार-पाच ठिकाणी विखुरलेले असतात, एवढाच फरक आहे. त्यांपैकी एक ठिकाण आपल्या चर्चची नोंदवही हे आहे. हे कागद कोठे व कसे शोधावेत, याची माहिती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

प्रथम गाव निश्चित करावे

महाराष्ट्रात 'कवठे' नावाची गावे अनेक आहेत. सांगली जिल्ह्यातच कवठे महांकाळ, कवठे एकंद आणि कवठे पिरान ही तीन गावे आहेत. येमाई देवीची ठाणीही अनेक ठिकाणी आहेत. साताऱ्यातील औंध आणि खेड तालुक्यातील कनेरसर ही त्यांतील प्रसिद्ध होत. जुन्या कागदात नुसते 'कवठे' असे लिहिलेले आढळल्यास ते आपलेच गाव असे धरून चालू नये. परगणा, तर्फ किंवा तालुका कोणता लिहिला आहे आणि शेजारची कोणती गावे नमूद आहेत, हे पाहावे. गेल्या दोनशे वर्षांत तालुक्यांच्या सीमा बदलल्या आहेत, हेही लक्षात ठेवावे. इंग्रजी कागदांत शिरूरचे स्पेलिंग बहुधा 'सिरूर' असे, तर दौंडचे 'धोंड' असे आढळते.

घर हाच पहिला कागद

कचेरीत जाण्यापूर्वी घर नीट पाहावे. त्याची लांबी-रुंदी मोजावी, खण किती आहेत ते लिहावे, आणि ओसरी, पडवी, माजघर, देवळी, धान्याचे पेव यांचा साधा आराखडा काढावा. भिंत दगडमातीची आहे की चुन्याची, कोणता भाग मागाहून जोडलेला दिसतो, हे नोंदवावे. दाराच्या चौकटीवर किंवा पायरीवर शक कोरलेला असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. मोडी कागदांत फसली सन असल्यास ५९० किंवा ५९१, आणि सुहूर सन असल्यास ५९९ किंवा ६०० मिळवावे.

छपरावर मंगलोरी कौले असतील तर त्यांवरील कारखान्याचा छाप पाहावा. बाझल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू केला. तेव्हा असे छप्पर त्यापूर्वीचे असू शकत नाही. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. रेल्वे आल्यावर दूरचे लाकूड, लोखंड व कौले या भागात आणणे सोपे झाले. तथापि कौल छपराचे वय सांगते, भिंतीचे नाही. त्याचप्रमाणे कोरीव दगड दुसऱ्या पडक्या वास्तूतून आणून बसविलेला असू शकतो.

वडीलधाऱ्यांचे बोलणे

गावातील वृद्धांना सन विचारू नये, प्रसंग विचारावा. १९७२ चा दुष्काळ, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यामुळे पुण्यात आलेला पूर, स्वातंत्र्याचे वर्ष, यांच्या आधी की नंतर असे विचारल्यास उत्तर नेमके मिळते. माहेरून आलेल्या सुनांना व लग्न होऊन गेलेल्या लेकींना आवर्जून विचारावे. घरातील वाटण्या, बाळंतपणे आणि भांडणे त्यांनाच अधिक स्मरतात. बोलणे त्यांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रित करावे व त्यावर दिनांक घालावा.

ग्रामपंचायत आणि तहसील कचेरी

पुष्कळांना वाटते की सातबारा उतारा काढला म्हणजे घराचा इतिहास कळला. सातबारा हा शेतजमिनीचा अधिकार अभिलेख आहे. गावठाणातील घराची नोंद त्यात नसते. तिच्यासाठी ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, पाहावी. घर क्रमांक, मालक, भोगवटादार आणि बांधकामाचा प्रकार तीत असतो. जुन्या वह्यांतून मागे मागे गेल्यास घर मातीचे पक्के केव्हा झाले आणि एकाचे दोन घर क्रमांक केव्हा पडले, हे समजते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येऊ लागल्या. या पत्रिका आजची स्थिती दाखवितात. मागची पिढी त्यांत शोधू नये.

शेती असलेल्या कुटुंबाने फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, जरूर पाहावी. वारस, वाटणी, गहाण व खरेदी यांचा उलगडा तेथे होतो. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातील जुने जन्म-मृत्यू नोंदलेले असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हा या वह्यांचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. खरेदीखत नोंदलेले असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयात सूची पाहून त्याची नक्कल मागता येते.

वाड्याचे दफ्तर आणि वेशीबाहेरचे घर

पाटील, कुलकर्णी, देशमुख किंवा सरदार घराण्याचा वाडा असल्यास पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तराकडे वळावे. तेथील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही जिज्ञासूंच्या उपयोगी पडते. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर सोबत ठेवल्यास गावाची पार्श्वभूमी समजते.

परंतु आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ घर वाड्यात नव्हते, ते वेशीबाहेर होते. त्यांनी आपल्याला दफ्तर नाही म्हणून निराश होऊ नये. महार वतनाच्या, हाडोळ्याच्या जमिनीच्या नोंदी महसूल दफ्तरात आहेत. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, आणि त्यानंतर जमिनी पुन्हा कोणाच्या नावे झाल्या हे फेरफारांत सापडते. ज्या माणसाला गाव केवळ कामासाठी हाक मारीत असे, त्याचे पूर्ण नाव, त्याच्या वडिलांचे नाव व त्याचा वाटा तेथे लिहिलेला असतो.

चर्चच्या नोंदवह्या

सरकारी कागदांत बहुधा पुरुषांचीच नावे येतात. घर सारवणारी, राखणारी स्त्री तेथे क्वचितच दिसते. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत मात्र बाळाच्या पित्याबरोबर मातेचे, तसेच धर्मपिता व धर्ममाता यांचे नाव असते. पुढील दृढीकरण व विवाह यांची टीपही बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी केली जाते. विवाह नोंदवहीतून सुनेचे माहेर कळते, तर मृत्यू नोंदवहीतून अखेरचा दिवस. धर्ममाता पुष्कळदा शेजारच्या घरातील असते. त्यावरून वस्तीतील घरोबा उमगतो.

या नोंदी शोधताना धर्मसभेचा इतिहास माहीत असावा. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ मध्ये झाली, आणि नाशिक धर्मप्रांत त्यातून १९८७ मध्ये वेगळा झाला. घोड नदीच्या उत्तरेकडील, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नातेवाइकांच्या नोंदी त्यामुळे दुसऱ्या धर्मप्रांताच्या धर्मग्रामात असू शकतात. गावात चर्च नसेल तर त्या काळी कोणत्या केंद्रातून धर्मगुरू येत असत, हे विचारावे. काही कुटुंबे पूर्वी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत होती. या मिशनचे कार्य अहमदनगरहून चाले आणि शिरूर येथेही त्याचे केंद्र होते. दुष्काळाच्या वर्षांत एखादी मुलगी कुटुंबाच्या नोंदींतून अचानक नाहीशी झालेली दिसली, तर मिशनच्या आश्रयगृहांचा विचार करावा. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने दुष्काळपीडित स्त्रिया व मुलींना आश्रय दिला होता.

जुन्या कॅथलिक नोंदी लॅटिनमध्ये, जर्मन किंवा स्विस धर्मगुरूंच्या हस्ताक्षरात असू शकतात. एकाच माणसाचे हाकेचे नाव मराठी आणि स्नानसंस्काराचे नाव 'पेत्रुस' किंवा 'योहान्नेस' असते. कोतवाल बुकातील यशवंत आणि चर्चच्या वहीतील योसेफ एकच की दोन, हे वडिलांचे नाव, गाव व जन्मवर्ष तिन्ही जुळल्यावाचून ठरवू नये.

सरकारी कागद आणि धर्मसभेची स्मृती एकत्र आल्यास किती दूरवर जाता येते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. नाना पेठेतील सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी १७९२ मध्ये दिली. दोनशे वर्षांहून अधिक काळ ही कृतज्ञता जपली गेली आहे.

पथ्ये आणि जतन

धर्मग्रामाच्या नोंदवह्या हे सार्वजनिक वाचनालय नव्हे. धर्मगुरूंची वेळ आधी घ्यावी, आपल्याच कुटुंबाची नोंद मागावी आणि त्यांच्या अनुमतीवाचून छायाचित्र घेऊ नये. दत्तकविधान, विवाहाबाहेरील जन्म अशी एखादी नाजूक बाब आढळल्यास ती मनात ठेवावी. जिवंत माणसाची अब्रू कागदाहून मोठी आहे. जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जपाव्यात, असे धर्मसभेच्या कायदासंहितेचे कलम ५३५ सांगते. धर्मसभेच्या पुराभिलेखांचे पाळकीय महत्त्व विशद करणारे परिपत्रकही व्हॅटिकनने १९९७ मध्ये काढले होते.

मिळालेली प्रत्येक गोष्ट एका वहीत लिहावी आणि ती कोठून कळली हेही समोर लिहावे. ग्रामपंचायतीचा कागद 'कोठे' ते सांगतो, चर्चची वही 'कोण' ते सांगते, वडीलधारे 'कसे' ते सांगतात. तिघांत विसंगती आढळली तर एकाला खोटे न ठरविता तिन्ही तशीच नोंदवावीत. एक प्रत घरात, एक लेकीकडे व एक धर्मग्रामात ठेवावी. घर उतरविणे अटळच असेल, तर त्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तारखेचा दगड नव्या भिंतीत बसवावा.

संत मत्तयाने आपले शुभवर्तमान नावांच्या यादीने सुरू केले. त्या यादीत राजे आहेत, तशाच रूथ व राहाब या परक्या, उपेक्षित स्त्रियाही आहेत. आपल्या घराच्या वहीतही आजोबांच्या नावाशेजारी आजीचे नाव असावे. पावसाळ्यापूर्वी फडताळ आवरताना कोणताही जुना कागद वाचल्याशिवाय टाकू नये, एवढी विनंती आम्ही सर्व वाचकांना करतो.