डिस्कविना चालणारा साठा

मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून १९८९ साली अमेरिकेशी जोडलेली एर्नेट या शैक्षणिक-संशोधन जाळ्याची वाहिनी सेकंदाला अवघे ९,६०० बिट वाहून नेत असे, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केल्यावरही वेगाची ही टंचाई सरली नाही; म्हणून एकदा आणलेले पान जवळ ठेवून पुढच्याला तेच देणारा मध्यस्थ संगणक, म्हणजे प्रॉक्सी कॅश, मोलाचा ठरला.

हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पाच्या वारशातून १९९६ मध्ये आलेला ‘स्क्विड’ हा मुक्त प्रोग्राम या कामी जगभर रुळला. रॅम महाग असल्याने त्याचा मोठा साठा डिस्कवर असे. तो टाळायचा तर जुन्या आवृत्त्यांत मांडणीच्या फाइलीतील ‘कॅश-डिर’ (डिस्कवरच्या साठ्याची जागा) या सूचनेपुढे ‘नल’ लिहावे लागे. ३.१ आवृत्तीने हा प्रकारच काढून टाकला आणि सूचना गाळली की साठा केवळ रॅममध्ये राहू लागला. सोय खरी, पण फसवी: रॅममधील साठ्याची मर्यादा ठरवणाऱ्या ‘कॅश-मेम’ या सूचनेचा आकडा फक्त साठ्याचा असतो, प्रोग्राम त्याहून बरीच जास्त मेमरी घेतो, मर्यादा न वाढवल्यास ५१२ केबीहून मोठी फाइल साठ्यात राहत नाही, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करताच सारे पुसले जाते. नोंदवहीत ‘टीसीपी-मेम-हिट’ दिसले, तरच पान रॅममधून गेले असे समजावे.

बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावी एखाद्या शाळेने आज असा साठा उभारला, तरी बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध असल्याने मध्यस्थाला आतला मजकूर दिसत नाही. साध्या एचटीटीपीवरून येणारी लिनक्सची अद्ययावत पॅकेजे मात्र तो अजूनही साठवू शकतो.