परस्परसंदर्भ (संगणकीय दस्तऐवजांतील)

दस्तऐवजातील एका ठिकाणाहून त्याच दस्तऐवजातील दुसऱ्या ठिकाणाकडे, म्हणजे एखादे प्रकरण, तक्ता, आकृती, तळटीप किंवा पृष्ठ यांकडे, वाचकाला पाठवणारा निर्देश म्हणजे परस्परसंदर्भ होय. छापील कोशांत हे काम ‘पहा’ हा शब्द करतो, मराठी विश्वकोशात बाणाची खूणही करते. वर्ड किंवा लिबरऑफिस यांसारख्या लेखनप्रणालींत मात्र हा निर्देश नुसता टंकलेला मजकूर नसून ‘फील्ड’ असतो, म्हणजे मूळ ठिकाणचा क्रमांक वा शीर्षक तेथून उचलून आणणारी आज्ञा असते.

वऱ्हाडात या सोयीची खरी गरज भासते ती प्रबंधलेखनात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ (स्थापना १९८३) येथे सादर होणारे प्रबंध, विशेषतः शेतीविषयक, तक्त्यांवरच उभे असतात. समजा, कपाशीवरील प्रबंधात तक्ता क्र. ४.७ बोंडांच्या संख्येचा आहे आणि मार्गदर्शकांच्या सूचनेवरून त्याच्या आधी पावसाच्या नोंदींचा नवा तक्ता घालावा लागला, तर जुना तक्ता ४.८ होतो, पण मजकुरात हाताने टंकलेला ‘४.७’ जिथल्या तिथे राहतो आणि बोंडांविषयीचे विधान वाचकाला पावसाच्या आकड्यांकडे पाठवते. परीक्षकाचा विश्वास अशाच ठिकाणी उडतो.

हे टाळण्यासाठी तक्त्याचे शीर्षक प्रणालीच्या मथळ्याच्या सोयीनेच द्यावे लागते, कारण क्रमांक आपोआप मोजला जातो तो तेथेच. त्यानंतर परस्परसंदर्भ घातला की वर्ड त्या मथळ्याभोवती एक अदृश्य खूण ठेवते. मात्र बदललेला क्रमांक मजकुरात लगेच उमटत नाही. सर्व मजकूर निवडून ‘एफ ९’ ही कळ दाबावी लागते, आणि तळटीपांतील संदर्भांसाठी तळटीपांत जाऊन हीच कृती पुन्हा करावी लागते. मूळ मथळा पुसून नव्याने टंकल्यास खूण नष्ट होते व क्रमांकाच्या जागी स्रोत सापडत नसल्याचा इंग्रजी संदेश येतो. छपाईपूर्वी ‘एरर’ हा इंग्रजी शब्द संपूर्ण प्रबंधात शोधून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती विभक्तीची. ‘तक्ता’ या शब्दाला प्रत्यय लागताना ‘तक्त्या’ असे सामान्यरूप होते, पण फील्ड शब्दाचे रूप बदलत नाही. परिणामी ‘तक्ता ४.७त’ अशी ओबडधोबड रचना तयार होते. यावर सोपा उपाय म्हणजे मथळ्याचे नाव ‘तक्ता क्र.’ असे ठेवून वाक्यात ‘तक्ता क्र. ४.७ मध्ये’ असे लिहिणे. लिबरऑफिसमध्ये केवळ क्रमांक घेता येत असल्याने त्याआधीचा शब्द हवा तसा चालवता येतो, आणि मराठी लेखकाला तीच सोय अधिक मानवणारी आहे.

ही यंत्रणा आपोआप जुळवते ते त्या दस्तऐवजातील क्रमांक. बाहेरच्या ग्रंथांतील नव्हे. उदाहरणार्थ, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी जोडलेल्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाच्या नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. तेथे संपादकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि लीळाक्रमांक ही तिन्ही अभ्यासकाला स्वतः पडताळूनच लिहावी लागतात.