तांदळाच्या धुवणाचा रंग

आज इतिहास सांगणार आहे, पण राजाराणीचा नाही. मातीकाम करणाऱ्या एका घराण्याचा, आणि तोही लांबचा, जपानमधला.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं बेट आहे. तिथल्या सागा प्रांतात आरिता हे गाव. चिनीमातीच्या भांड्यांसाठी ते चारशे वर्षं नावाजलेलं आहे. तिथलं साकाइदा घराणं. या घरात वडील गेले की मुलगा भट्टीबरोबर त्यांचं नावही घेतो. 'काकिएमोन' हे ते नाव. नुसतं मानाने म्हणायचं नाही, सरकारदरबारी नाव बदलतात. आपण लग्नात नाव बदलतो, तिथे पुरुष बदलतात! 2013 साली चौदावे काकिएमोन वारले. 2014 साली त्यांचा मुलगा हिरोशी पंधरावा काकिएमोन झाला.

पहिल्या काकिएमोनची गोष्ट 1640 च्या दशकातली. 'काकी' हे तिकडचं टोमॅटोसारखं दिसणारं तांबूस फळ. पांढऱ्या भांड्यावर लाल रंगाची नक्षी भाजून पक्की करायची विद्या तेव्हा चिनी लोकांकडे होती. इमारी बंदरातल्या एका व्यापाऱ्याने नागासाकीला एका चिनी माणसाला पैसे देऊन ती शिकून घेतली आणि काकिएमोनला सांगितली. कृती कळली, पण रंग काही बसेना. कितीतरी खटपटीनंतर जमलं. पुढे डच व्यापाऱ्यांनी ही भांडी जहाजं भरभरून युरोपात नेली. जर्मनीत माइसेनच्या कारखान्यात त्यांच्या हुबेहूब नकला झाल्या.

पण मला खरी सांगायची आहे ती या लाल रंगाची गोष्ट नाही. ती आहे त्याखालच्या पांढऱ्याची.

या घराण्याच्या उत्तम भांड्यांचा पांढरा रंग निळसर नसतो. तो उबदार, दुधाळ असतो. त्याला म्हणतात 'निगोशिदे'. सागाच्या बोलीत 'निगोशी' म्हणजे तांदळाचं धुवण! जे आपण गुरांच्या घमेल्यात ओततो, त्याचं नाव त्यांनी आपल्या सगळ्यात मौल्यवान भांड्याला दिलं. यासाठी आरिताच्या आसपासचे तीन तऱ्हेचे दगड कुटून, ठरल्या मापाने मिसळावे लागतात. ही माती भट्टीत फार आक्रसते. भांडी वाकतात, तडकतात. जितकी घालावी, तितकी हाती येत नाहीत.

अठराव्या शतकात परदेशची मागणी घटली आणि एवढं नुकसान सोसून हे काम करणं परवडेना. निगोशिदे बंद पडलं. घराणं चालू, नाव चालू, भट्टी चालू, पण तो पांढरा रंग कोणाच्या हातात उरला नाही. असं दोनशे वर्षांच्या आसपास चाललं.

मग बाराव्या काकिएमोनने आणि त्याच्या मुलाने ते परत आणायचं मनावर घेतलं. घरात मातीच्या मिश्रणाचे जुने कागद होते. तेवढ्यावर भागलं असतं, तर प्रश्नच नव्हता. पण दगड किती कुटायचा, गाळ केव्हा थांबवायचा, भट्टीची आच कशी चढवायची, हे कागदाला कुठलं ठाऊक? आपल्या गटात मसाल्याचं माप वहीत लिहिलेलं असतं, तरी भाजणीला अमुक मावशीच लागतात ना, तसंच. बापलेकांनी वर्षानुवर्षं भांडी फोडली, आणि 1953 साली तो रंग पुन्हा भट्टीतून निघाला. बाप तेव्हा पंचाहत्तरीचा होता.

नाव एकाचं असलं, तरी भांडं एकाच्या हातचं नसतं, हेही सांगायला हवं. चाकावर घडवणारे वेगळे, बारीक रेघा काढणारे वेगळे, रंग भरणारे वेगळे. आरिताच्या कारखान्यांत जाड कुंचल्याने रंग भरायचं काम पूर्वापार बहुतेक बायकाच करत आल्या. बशीवर त्यांचं नाव कुठे येत नाही.

एका बाबतीत मात्र जपान सरकारने मला आवडेल असं केलं. 1971 साली निगोशिदेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या कलेचा धनी म्हणून कोणा एका काकिएमोनचं नाव लावलं नाही. कारागिरांच्या अख्ख्या मंडळाचं लावलं.