गाळलेलं अक्षर: बिंदुमतीपासून मोबाइलपर्यंत



आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. कविता आणि व्हिडिओ गेम यांचा संबंध काय? तर आम्ही काही जण सध्या मोबाइलवरचा एक छोटा खेळ तयार करत आहोत. पडद्यावर कवितेची एक ओळ येते, तिच्यातला एक शब्द झाकलेला असतो, आणि तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. एवढंच. पण हे काम करताना आम्हाला वारंवार इतिहासाकडे वळावं लागलं. या खेळातले बरेचसे प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारले गेले आहेत.

आधी जवळचा इतिहास पाहू. १९५५ साली अमेरिकेत ‘जॉटो’ नावाचा कागद-पेन्सिलीचा खेळ आला. एकाने पाच अक्षरांचा शब्द मनात धरायचा, दुसऱ्याने अंदाजाने शब्द सांगत जायचं, आणि पहिल्याने फक्त किती अक्षरं जुळली ते सांगायचं. सत्तरच्या दशकात ‘मास्टरमाइंड’ने अशीच युक्ती रंगीत खुंट्यांवर आणली. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांनी ‘वर्डल’ सर्वांसाठी खुला केला. पाच चौकोन, सहा प्रयत्न. जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकतही घेतला. मग भाषेभाषेत त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

आता जरा मागे जाऊ. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका म्हणजे कोडी, प्रतिमाला म्हणजे आपली अंताक्षरी, आणि काव्यसमस्यापूरण या तिन्हींना जागा दिली आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या काळात, बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहिली. तिच्यातला शूद्रक राजा फावल्या वेळात काय करतो, याचं वर्णन वाचण्यासारखं आहे. अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद, प्रहेलिका... ही सगळी कवितेशी खेळण्याची रूपं. अक्षरच्युतकात एक अक्षर काढलं की अर्थ बदलतो. गूढचतुर्थपादात श्लोकाचा चौथा चरण पहिल्या तीन चरणांच्या अक्षरांत लपवलेला असतो. नवव्या शतकात रुद्रटाने असल्या प्रकारांना ‘क्रीडेपुरते उपयोगी’ म्हणून बाजूला ठेवलं. आमचं काम क्रीडेचंच असल्यामुळे आम्ही ते पुन्हा जवळ घेतले.

यातली बिंदुमती आमच्या सर्वांत उपयोगाची. तिच्यात श्लोकातली व्यंजनं काढून त्या जागी नुसती वर्तुळं ठेवतात, मात्रा मात्र तशाच राहतात. समजा शब्द ‘पावसाळी’ आहे. तो असा दिसेल: ०ा ० ०ा ०ी. आता हे मोठ्याने वाचून बघा. दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ. म्हणजे गालगागा. शब्द अजून कळला नाही, पण त्याची चाल ऐकू आली! वृत्त कानात असलेल्या माणसाला ही केवढी मोठी खूण आहे. ज्याने हा खेळ पहिल्यांदा रचला, त्याने काय झाकायचं यापेक्षा काय उघडं ठेवायचं याचा विचार जास्त केला होता.

इंग्रजी खेळाचा साचा जसाच्या तसा उचलला तर हीच खूण हरवते. तिथे एका चौकोनात एक लेटर. आपल्याकडे चौकोनात काय ठेवणार? ‘स्वप्न’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो साठवताना सहा संकेत लागतात: स, हलन्त चिन्ह, व, प, पुन्हा हलन्त चिन्ह, न. जुन्या सर्वसाधारण नियमाने तुकडे पाडले तर चार पडतात: स्, व, प्, न. आपला कान मोजतो ते दोनच: स्व, प्न. देवनागरी जोडाक्षर अखंड धरणारा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. वृत्तशास्त्राला तो हिशोब शतकानुशतकं ठाऊक होता. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, हे शाळेतही शिकवतात. जोडाक्षर फोडलं की चौकोन चुकतात आणि वृत्तही मोडतं.

म्हणून आम्ही चौकोनात अख्खं अक्षर ठेवतो, आणि उत्तर तपासताना त्याचे दोन भाग पाहतो. समजा उत्तर ‘किनारा’ आहे आणि खेळणाऱ्याने ‘कोनाडा’ लिहिलं. ‘को’मध्ये व्यंजन बरोबर, मात्रा चूक. ‘ना’ पूर्ण बरोबर. ‘डा’मध्ये मात्रा बरोबर, व्यंजन चूक. इंग्रजी खेळात असा अर्धा होकार नसतो. आपल्या लिपीत तो सहज देता येतो. सोप्या पातळीवर तर आम्ही बिंदुमतीसारख्या मात्रा आधीच दाखवतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. असे खेळ एका शब्दयादीवर चालतात. यादीत नसलेला शब्द लिहिला की पडदा सांगतो, असा शब्दच नाही. मग बहिणाबाई चौधरींचं काय करायचं? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात गेल्या आणि घरच्यांनी ती गाणी उतरवून घेतली. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, छापून आली. त्यांची भाषा खानदेशची बोली आहे. शुद्धलेखनाच्या कोशातून काढलेली यादी वापरली, तर आपला खेळ बहिणाबाईंनाच सांगणार, बाई, तुमचा शब्द चुकला! एखाद्या खानदेशी मुलीने घरात रोज ऐकलेला, बरोबर ओळखलेला शब्द यंत्राने नाकारला, तर ती काय शिकेल? आपली बोली कवितेत चालत नाही, हेच. प्रत्यक्षात कविता त्याच बोलीत उभी आहे.

म्हणून आम्ही यादी कोशापासून सुरू करत नाही. आधी कविता घेतो, तिच्यातला प्रत्येक शब्द, छापला आहे तसा, यादीत घालतो. कोश त्यानंतर. काम वाढतं, रोज थोडंच पुढे सरकतं. पण कवीचा शब्द कुठल्याही यादीच्या परवानगीवर अवलंबून राहू नये, एवढं तर आपण नक्की करू शकतो.

पाठांतर आणि चालीवर म्हणणं कमी झालं, तसा कानातला लघु-गुरू पुसट होत चालला आहे. एका छोट्या खेळाने तो परत येईल असा दावा आम्ही करत नाही. पण झाकलेल्या शब्दासाठी कुणी तीच ओळ चार वेळा मोठ्याने म्हटली, तर चौथ्या वेळी ती ओळ त्याची झालेली असते. शूद्रकाच्या दरबारात खेळणाऱ्यांनाही ते कळत असणार.