झुडपात शिरलेला कुत्रा

मुसलमान आणि कुत्रा हे दोन शब्द एकत्र आले की गप्पा ‘नापाक’पासून सुरू होतात आणि तिथंच संपतात. मीही लहानपणापासून एवढंच ऐकत आलो. उसामा इब्न मुन्किझच्या आठवणी, ‘किताब अल-इतिबार’, वाचल्या आणि हा विषय मला पहिल्यांदा नीट दिसला.

उसामा १०९५ साली सीरियातल्या शैझरच्या किल्लेदार घराण्यात जन्मला. क्रुसेडची युद्धं त्यानं स्वतः लढली. पण पुस्तकाचा शेवटचा भाग आहे शिकारीचा. त्याचे वडील मुर्शिद यांनी किल्ल्याची सत्ता धाकट्या भावाला देऊन टाकली. रोजे, कुरआनच्या प्रती हातानं लिहिणं आणि शिकार, हे त्यांचं आयुष्य. दक्षिणेच्या डोंगरात तित्तर आणि ससे मिळत. पश्चिमेला नदीकाठी बोरूची दाट बेटं होती. पक्ष्यांसाठी ससाणे होते, आणि बायझंटाईन मुलुखातून आणलेले ‘झगारी’ कुत्रेही. पक्ष्यांची शिकार त्यांच्या रक्तातच असते, असं उसामा सांगतो.

मुर्शिद शिकारीची मांडणी लढाईसारखी करत. शेजाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, नजर फक्त सावजाच्या मागावर. याचं व्यावहारिक कारण सहज कळतं. बोरूत शिरलेला कुत्रा दिसत नाही. हलणारे शेंडे आणि कानावर येणारी खसखस, एवढाच त्याचा पत्ता. युरोपातले शिकारी अशा रानात कुत्र्याच्या गळ्यात घंटी बांधत. घंटी थांबली की समजायचं, कुत्रा पक्ष्यासमोर थबकला. आता तेच काम जीपीएसचा पट्टा करतो.

पण मुसलमान शिकाऱ्याला आणखी एक हिशेब द्यावा लागे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरानं धन्यासाठी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. हातिमताईचे चिरंजीव हजरत अदी यांनी प्रेषितांना (स.) याबद्दल बारकाईनं विचारलं. उत्तराचा आशय असा: बिस्मिल्लाह म्हणून कुत्रा सोडला असेल तर खा. त्यानं स्वतःच त्यातलं खाल्लं असेल तर खाऊ नका. ती शिकार त्यानं स्वतःसाठी धरली असावी. आणि शिकारीजवळ दुसरा कुत्रा दिसला तरी खाऊ नका. अल्लाहचं नाव तुम्ही तुमच्या कुत्र्यावर घेतलंत, दुसऱ्याच्या नाही.

म्हणजे झुडपात काय घडलं हे ठाऊक असणं धन्यावर आलं. तिथं कुणी साक्षीदार नसतो. शंका असेल तर हाती आलेलं तित्तर टाकून द्यायचं, तेही दिवसभर रान तुडवून झाल्यावर.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ही शिकार संपली, आणि ते बरंच झालं. हा नियम मात्र मला जुना वाटत नाही. आपणही माणसं कामावर पाठवतो, पैसा कुठं कुठं गुंतवतो, आणि जे हाती येतं ते बिस्मिल्लाह म्हणून खातो. आत काय घडलं, हे विचारायला किती जण झुडपापर्यंत जातात?