चंदी, पिछाडी आणि मामूंची घोडी

माझे मामू सांगलीत वरातीसाठी घोडी देतात. गेल्या लग्नसराईत एका रात्री त्यांचा फोन आला, "मास्तर, नूरी दाना छोड दी. पिछले पैर बी सूज गये." मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, जनावरांचा डॉक्टर नाही. पण आमच्या खानदानात कुणाला काही झालं की आधी 'पढेलिखे' माणसाला विचारतात, मग दवाखान्यात जातात.

दुसऱ्या दिवशी गेलो. पांढरीशुभ्र घोडी, पण कातडीवरचं तेज गेलेलं. चंदीच्या टोपल्यात तोंड घालायची, दोन घास घ्यायची आणि मान फिरवायची. तंग आवळायला गेलं की दात दाखवायची. मागचे दोन्ही पाय ढोपरांपासून खुरापर्यंत खांबासारखे जाड झालेले. मामूंनी आठ दिवसांपासून तिला विश्रांती म्हणून थानावर आगाडी-पिछाडी लावून उभं केलं होतं. सुजेसाठी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक पूड आणून चालू होती. आणि अशक्तपणा जावा म्हणून हरभऱ्याची चंदी वाढवली होती, वर गूळ.

डॉक्टर आले. बोलता बोलता त्यांनी घोडीच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आत जखमा असणार. आणि त्या तुम्हीच वाढवताय."

त्यांनी जे समजावलं ते ऐकताना मला माझ्या कपाटातली पुस्तकं आठवत होती. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान असतं. त्यात आम्ल सतत पाझरतं, खाणं असो वा नसो. माणसासारखं जेवणाच्या वेळेपुरतं नाही. कारण घोडा हा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडंथोडं चरणारा प्राणी. चावताना लाळ सुटते, ती आम्ल मारते. चावलं नाही तर लाळही नाही. पोटाच्या वरच्या भागाला आम्लापासून संरक्षण देणारं अस्तरच नसतं. दाणा लवकर संपतो, चावणं कमी, आणि पिष्टामुळे आम्लता वाढते. मग घोडा उरलेले तास रिकाम्या पोटी उभा. सराव करणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांपैकी बहुसंख्यांच्या पोटात अशा जखमा सापडतात.

पायांचं वेगळंच. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळपास नाहीत, नुसती हाडं आणि कंडरा. खालचं रक्त आणि पाणी वर ढकलायचं काम प्रत्येक पावलागणिक खूर करतो. घोडा उभा राहिला की पंप बंद. दोन्ही पाय सारखे सुजले असतील, गरम नसतील, चालवल्यावर उतरत असतील तर बहुतेक हेच. एकच पाय गरम, दुखरा आणि फुगलेला असेल तर मात्र तो संसर्ग असू शकतो, तिथे रात्रही काढू नये.

म्हणजे सुजेसाठी दिलेल्या पुडीनं पोट बिघडलं (फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं पोटाचं अस्तर कमजोर करतात), पोट बिघडलं म्हणून घोडी बांधली, आणि बांधली म्हणून पाय आणखी सुजले. मामूंच्या प्रेमात खोट नव्हती. तीनही गोष्टी प्रेमानंच केलेल्या.

घरी येऊन मी वस्साफ काढला. हा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा फारसी इतिहासकार. फारसच्या आखातातून दक्षिणेतल्या माबर किनाऱ्यावर, म्हणजे पांड्यांच्या मुलखात, हजारो घोडे जहाजांनी जात. वस्साफ त्यांची हकीकत सांगतो. तिथे पोचल्यावर घोड्यांना भाजलेले जव आणि लोण्यात शिजवलेलं धान्य देतात, उकळलेलं दूध पाजतात, आणि चाळीस दिवस तबेल्यात दोरांनी खुंट्यांना बांधून ठेवतात, लठ्ठ व्हावेत म्हणून. मग शिक्षण नाही, रिकीब नाही, तसेच त्यांवर स्वार होतात. थोड्याच दिवसांत चपळ, दमदार घोडे मंद आणि निकामी होतात, असं तो लिहितो. त्याच्या थोडं आधी येऊन गेलेला मार्को पोलो हेच वेगळ्या तोंडानं सांगतो. या लोकांना घोड्यांची निगा माहीत नाही, घोडे मरतात, आणि घोडे विकणारे परदेशी व्यापारी मुद्दाम इथे नालबंद येऊ देत नाहीत, म्हणजे दरवर्षी नवे घोडे खपतील!

पोलोचं सगळंच मी खरं धरत नाही. परक्या मुलखाला अडाणी म्हणणं प्रवाशांना सोपं जातं. पण वस्साफची ती चाळीस दिवसांची हकीकत वाचताना मला नूरीचे पाय दिसत होते.

आपल्या दख्खनचा साक्षीदार रशियन आहे. अफानासी निकितिन १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. या घोड्यासाठी त्याने शंभर रूबल मोजले होते. जुन्नरच्या असदखानानं तो घोडा हिसकावला आणि मुसलमान हो, मग घोडाही देतो आणि सोनंही, असं सांगितलं. ख्वाजा मुहम्मद नावाच्या खुरासानी माणसानं मध्ये पडून घोडा परत मिळवून दिला. (आपल्याकडे काही जण या गोष्टीतला असदखान गाळतात, काही जण ख्वाजा मुहम्मद. मी दोघांनाही ठेवतो.) निकितिन सांगतो की या देशात घोडे पैदा होत नाहीत, त्यांना चणे घालतात, आणि साखर-लोणी घालून खिचडी शिजवून देतात. पुढे बीदरमध्ये त्यानं घोडा विकला. जुन्नरच्या चिखलात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या त्या जनावराच्या पोटाचं काय झालं असेल, हे त्यानं लिहिलेलं नाही.

अकबराच्या तबेल्यात बारा हजार घोडे होते असं आईन-ए-अकबरीत आहे. खास घोड्यांना रोज साडेसात शेर चंदी, आजच्या मापानं साडेचार किलोच्या वर, त्यात पीठ आणि साखर, थंडीत तूपही. पण त्याच यादीत सईस, नालबंद, चाबूकस्वार आणि बैतार अशी माणसंही नेमलेली आहेत. नजर लागू नये म्हणून धुरी देणाराही वेगळा, सिपंदसोज. दरबाराचा घोडा रोज फिरवला जायचा, खरारा व्हायचा. चंदी तीच, पण पाय मोकळे.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र सगळ्यांना रयतेला त्रास देऊ नये या ताकिदीसाठी माहीत असतं. माझ्या मते ते घोड्यांचंही पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ते मारणारे तुम्हीच असाल, असा त्याचा आशय. उंदरानं पेटती वात नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंत काळजी. पागेत दाण्याइतकीच वैरण मोलाची हे ज्याला ठाऊक होतं, त्याचं ते पत्र.

आता ज्ञान कुठून आलं ते बघा. आपण ज्याला सलोतरी म्हणतो तो घोड्यांचा वैद्य. हा शब्द शालिहोत्र ऋषीच्या नावावरून आलेला. बहमनी सुलतान अहमदशाह वलीसाठी अब्दुल्ला इब्न सफीनं शालिहोत्राचा फारसी तर्जुमा केला. शाहजहानच्या काळात अब्दुल्लाखान फिरोजजंगनं पुन्हा केला, आणि १७८८ मध्ये कलकत्त्यात जोसेफ अर्ल्सनं शालिहोत्राला इंग्रजीत नेलं. दुसरा शब्द बैतार. तो अरबी, पण मुळात ग्रीक. दोन्ही शब्द एकाच उर्दू कोशात शेजार धरून आहेत. १७९५ च्या सुमारास सआदत यार खान रंगीननं उर्दूत फरसनामा लिहिला. रेख्तीचा हा नामवंत शायर स्वतः घोड्यांचा व्यापारही करायचा. आमच्या अंगणात मात्र हे ज्ञान पुस्तकातून नाही आलं. ते दादामियाँच्या हातातून आलं, आणि त्यातलं अर्धं चुकीचं होतं.

दादामियाँचा टांगा होता. मी सात-आठ वर्षांचा असताना एका पावसाळ्यात त्यांचा घोडा राजा मेला. धंदा नव्हता, म्हणून दीड महिना तो थानावर बांधलेला. दादीअम्मा त्याला भिजवलेला हरभरा आणि गूळ चारायची. शेवटी शेवटी राजा दात खायचा, खाल्लं की आडवा पडायचा. शेजारच्या बाईची नजर लागली असं घरात ठरलं. त्या बाईशी आमचं बोलणं तुटलं ते तिच्या मैयतीपर्यंत. मी सुद्धा तिच्या दारावरून जाताना थुंकायचो. ती बिचारी राजाला दररोज तिच्या परसातली हरळी कापून घालायची. त्याच्या पोटाला बरं वाटेल असं सगळ्या मोहल्ल्यात तेवढं एकच खाणं होतं.

नूरीला ओमेप्राझोल चार आठवडे चाललं, सकाळी उपाशीपोटी. पूड बंद. चंदी अर्ध्यावर आणून तीन वेळा विभागली, आणि पुढ्यात दिवसभर वैरण, तीत लसूणघास. त्यातला चुना आम्ल शमवतो म्हणे. पिछाडी सोडली. पहाटे फजरनंतर मामू तिला कृष्णेच्या घाटावर नेत, पायांवर थंड पाणी सोडत आणि हळूहळू चालवत आणत. तिसऱ्या दिवशी ढोपराखालचे कंगोरे पुन्हा दिसायला लागले. दोन वरातींची घेतलेली सुपारी मामूंनी परत केली. मामी आठवडाभर अबोल होत्या.

गेल्या जुम्म्याला मी मामूंना वस्साफची ती चाळीस दिवसांची हकीकत वाचून दाखवली. ऐकून ते बराच वेळ नूरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सात सौ साल पैलेबी बांधकेच रखते थे? किसीनं सोडा नै?"