गिरणी धबधब्याला का चिकटली? गोकाक, शिवनसमुद्र आणि मुळशी

गोकाक फॉल्सला गेलेला माणूस आधी घटप्रभेचा धबधबा बघतो, मग झुलत्या पुलावरून एक फेरी मारून येतो. जुनी सूतगिरणी त्याच्या फोटोत आपोआपच येते. ती तिथे का आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कंपनी १८८५ ची, गिरणी चालू झाली १८८७ साली. पेठ, वस्ती, कामगार हे सगळं सोडून दरीच्या काठावर गिरणी उभारायची म्हणजे कामगारांसाठी घरांपासून सगळंच नव्याने वसवावं लागणार. तरी ती तिथेच बांधली, कारण पाण्याचा जोर होता तिथेच आणि तो उचलून दुसरीकडे नेता येत नव्हता.

गोकाकला पहिली वीज नेमकी कधी आणि कशासाठी तयार झाली, यावर आपल्याकडे हौसेने वाद घातला जातो. ‘आशियातली पहिली’ हे बिरुद कोणाला नको असतं! माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट गिरणीच्या जागेत आहे. पुढच्या पंधरा वर्षांत जोर एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे ठेवणं शक्य झालं, आणि मग नदीकाठी राहणाऱ्यांचं नशीबच बदललं. का, ते कळायला थोडं शाळेतलं विज्ञान उकरून काढावं लागेल. घाबरू नका, गुणाकार आला की पुरे.

तारेतून वाहणाऱ्या विजेला विद्युतधारा म्हणतात, ती अँपिअरमध्ये मोजतात. तिला ढकलणारा दाब व्होल्टमध्ये आणि तारेची आडकाठी, म्हणजे रोध, ओहममध्ये. पाण्याच्या नळाशी तुलना केली तर नळातून किती पाणी वाहतं ती धारा, टाकी किती उंचावर आहे तो दाब, आणि नळ जेवढा बारीक व लांब तेवढा रोध जास्त. दाबाला रोधाने भागलं की धारा मिळते. हा नियम कोलोनमधले शाळामास्तर गेओर्ग ओहम यांनी १८२७ च्या पुस्तकात मांडला. दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती, तिचं माप वॅट. घरातला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी धारा घेतो. गिरणीवाल्यांच्या हिशेबात वॅट नसे, अश्वशक्ती असे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

आता मुख्य मुद्दा. तारेतून धारा गेली की तार तापते आणि तेवढी शक्ती वाया जाते. किती, हे जेम्स ज्यूल यांनी १८४१ साली दाखवलं: धारेचा वर्ग गुणिले रोध. सगळी गोम त्या वर्गात आहे. धारा दुप्पट झाली तर नुकसान चौपट, दसपट झाली तर शंभरपट.

समजा ३,००० किलोवॅट शक्ती दूरच्या गावी न्यायची आहे आणि जाऊन-येऊन तारेचा एकूण रोध ५ ओहम आहे. (खऱ्या लाइनला तीन तारा असतात, हिशेब जरा वेगळा होतो, पण तात्पर्य तेच.) ३,००० व्होल्टवर न्यायची तर १,००० अँपिअर धारा लागेल. तिचा वर्ग दहा लाख, गुणिले पाच, म्हणजे नुकसान ५,००० किलोवॅट! न्यायची होती तीनच हजार. म्हणजे हे होणारच नाही. आता तीच शक्ती ३०,००० व्होल्टवर पाठवा. धारा फक्त १०० अँपिअर, नुकसान ५० किलोवॅट, शेकडा दोनसुद्धा नाही. तार तीच, खांब तेच. दाब न वाढवता एवढंच नुकसान ठेवायचं तर तार शंभरपट जाड घ्यावी लागली असती, आणि तेवढं तांबं कोणी घालणार नाही.

एडिसनचं न्यूयॉर्कचं १८८२ चं वीजघर ११० व्होल्टच्या आसपास चाले, म्हणून त्याची वीज मैलभराच्या पलीकडे परवडत नसे. मग ट्रान्सफॉर्मर आला. तोच तो, गल्लीच्या कोपऱ्यावर ‘डीपी’त गुरगुरत असतो. निघताना दाब चढवायचा, पोचल्यावर उतरवायचा. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनाला १७५ किलोमीटरवरून वीज नेऊन दाखवली, आणि मग शहाण्या संस्थानिकांचे डोळे उघडले.

आपल्या भागाच्या सर्वांत जवळचं मोठं उदाहरण म्हैसूर संस्थानातलं. कावेरीवर शिवनसमुद्र, आणि तिथून ९२ मैलांवर, म्हणजे जवळजवळ १४८ किलोमीटरवर, कोलारच्या सोन्याच्या खाणी. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी योजना उचलून धरली, कॅप्टन जोली द लोतबिनियेर या इंजिनिअराने ती मांडली, आणि १९०२ च्या जूनअखेर तीस-पस्तीस हजार व्होल्टच्या तारेतून कोलारला वीज पोचली. ही त्या वेळी जगातली सर्वांत लांब लाइन होती, असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. कॅलिफोर्नियात कोलगेट ते ओकलंड ही १४२ मैलांची लाइन आदल्याच वर्षी सुरू झाली होती. पराक्रम आहे तेवढाच सांगितला तरी तो लहान होत नाही.

पण क्रम बघा. आधी वीज कुठे गेली? लंडनच्या कंपन्यांच्या खाणींत. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते ऑगस्ट १९०५ मध्ये, तीन वर्षांनी. आणि लाइनखालची खेडी? तीस हजार व्होल्टच्या तारेला आकडा टाकून घरात दिवा लावता येत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, त्याला पैसा हवा, आणि पैसा लावणाऱ्याला मोठं गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून तार खेड्याच्या डोक्यावरून जाते.

सह्याद्रीत तर उंचीची आणखी भर पडली. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी गोकाकच्या ५२ मीटरवरून पडलं तर त्यात साधारण ५१० किलोवॅट शक्ती असते. तेच पाणी घाटमाथ्यावरून कोकणात पाचशे मीटर खाली सोडलं तर ४,९०० किलोवॅट. टाटांनी हे हेरलं. लोणावळ्याजवळ वळवण, शिरवता वगैरे तलाव बांधले आणि पूर्वेकडे जाणारं पाणी फिरवून खोपोलीला उतरवलं. १९१५ साली तिथली वीज एक लाख व्होल्टच्या लाइनने सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या मुंबईत, गिरण्यांपर्यंत पोचली. गिरणीने आता धबधब्याला चिकटून राहायची गरज उरली नव्हती. परळ-लालबागचा कामगार चाळीत राहील आणि लोणावळ्याचं पाणी त्याचा माग फिरवील.

मग पाळी आली मुळशीची. नीला-मुळेच्या खोऱ्यात धरण, पाणी बोगद्याने भिऱ्याला, वीज मुंबईला. बुडणार होती पन्नासच्या आसपास गावं, त्यांची भातखाचरं, देवळं. गोकाकच्या गिरणीने काठावर निदान वस्ती वसवली, मजुरी आणली. मुळशीच्या मावळ्याला यातलं काहीच मिळणार नव्हतं. त्याच्या वाट्याला पाणी तेवढं आलं, तेही त्याच्या शेतावरून. टाटांच्या बाजूनेही युक्तिवाद होते. परगावच्या कोळशावर मुंबईचं अवलंबित्व कमी होईल, देशी उद्योग वाढेल. ते खोटे नव्हते, म्हणूनच त्या वेळी राष्ट्रीय पुढाऱ्यांतही एकमत झालं नाही. पण फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या खात्यात पडत नव्हता, आणि तसं होणं शक्य झालं ते दाब चढवून धारा उतरवता आली म्हणून.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात, विनायकराव भुस्कुटेही त्यात आघाडीवर होते. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. माणसं धरली, सोडली, पुन्हा धरली. पुढे बापटांनी सशस्त्र मार्गाने बांधकामाची आगगाडी अडवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तोवर मोडत आला होता. पुष्कळांनी मोबदला घेऊन वाटा धरल्या.

दरम्यान मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. बापट तेव्हा तुरुंगात होते.